निलंबित लायसन्स आणि दादाची साक्ष

हजरतगंजच्या चौकात, भर रविवारी संध्याकाळी सहा वाजता, माझ्यासारख्या माणसाला गाडीतून खाली उतरवण्यात आलं. माझ्यासारख्या म्हणजे कशा, ते आधी सांगतो. मी नरेंद्र सबनीस, रेल्वेच्या संशोधन खात्यात सिग्नलचा इंजिनियर. लाल दिवा दिसला की गाडी थांबलीच पाहिजे, याची व्यवस्था करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यातली एकोणीस लखनौत. रेल्वेत लाल सिग्नल ओलांडणाऱ्या ड्रायव्हरचं काय होतं, यावर मी स्वतः व्याख्यानं देतो आणि ती देताना माझा आवाज जरा चढतो, असं लोक म्हणतात.

तर आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला निघालो होतो. सुहासिनीच्या मांडीवर एक्कावन्न उकडीच्या मोदकांचा डबा, मागे आमची सावनी, आणि मी नवा कुर्ता घालून चाक धरलेला. वाहतूक पोलिसातल्या दरोगासाहेबांनी हात दाखवला. लखनौचे पोलीससुद्धा अदबीने पकडतात. त्यांनी माझं लायसन्स हातातल्या यंत्रात घातलं, भुवया उंचावल्या आणि कुणाच्या घरी कोण गेलंय असं विचारावं इतक्या हळू आवाजात म्हणाले, "सर, आपका लाइसेंस तो सस्पेंड चल रहा है।"

"मुमकिन नहीं है," मी म्हणालो. "मैं सिग्नल इंजीनियर हूँ।"

"जी सर। और सस्पेंड भी सिग्नल तोड़ने में ही हुआ है। तीन बार।"

त्या तीन वेळांची मला कल्पना होती. तिन्ही वेळा माझं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीच्या थोडंसं पलीकडे गेलं होतं. थोडंसं म्हणजे किती, यावर तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतो. मी तिन्ही दंड घरबसल्या मोबाइलवर भरून टाकले होते आणि भरलं म्हणजे मिटलं, असं समजून चाललो होतो. तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित झाल्याचा हुकूम निघून महिना उलटला होता आणि मी रोज ऑफिसला गाडी नेत होतो. म्हणजे महिनाभर रोज गुन्हा करत होतो, तोही सीटबेल्ट लावून.

"अब ये मामला कोर्ट जाएगा सर। और गाड़ी आप नहीं चला पाएँगे। मैडम चलाती हैं?"

मॅडम चालवत नाहीत. शेवटी सावनी पुढे आली. तिला लायसन्स मिळून आठच महिने झाले होते. दरोगासाहेबांनी ते बघितलं, "वेरी गुड बेटा," म्हणाले, आणि मी मागच्या सीटवर मोदकांचा डबा घेऊन बसलो. "पापा, बेल्ट लगा लो," असं माझ्याच मुलीने मला आरशातून सांगितलं. पुढे मंडळात आरतीला उभा राहिलो तेव्हाही माझे कान गरमच होते.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळली. पुण्यात आमच्या खात्याची एक वरची जागा रिकामी होत होती. या जागेसाठी मी किती वर्षं टपून बसलो होतो, ते सुहासिनीला विचारा. तिने पुण्यात फ्लॅट बघून ठेवला होता, पडद्यांचे रंग ठरवले होते. ऑक्टोबरअखेर अर्ज द्यायचा होता आणि त्यात एक रकाना होता : आपल्याविरुद्ध फौजदारी खटला चालू आहे काय, किंवा आपणांस शिक्षा झाली आहे काय? इतकी वर्षं हा रकाना वाचून मला त्या खालच्या दर्जाच्या लोकांची कीव यायची ज्यांना तिथे 'होय' लिहावं लागतं. आता 'होय' लिहिलं की फाइल दक्षता विभागाकडे जाणार आणि ती परत येईपर्यंत पुण्याच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलेलं असणार. तेव्हा त्याआधी कोर्टातून निर्दोष सुटणं भाग होतं.

ही बातमी मानक नगरच्या आमच्या कॉलनीत मी कुणालाही सांगितली नाही. म्हणून ती मंगळवारपर्यंत सगळ्यांना कळली. शेजारचे टंडनजी सकाळी सकाळी हातात चहाचा कप घेऊनच आले. "अरे सबनीस साहब, इसमें परेशान होने की क्या बात है? कह दीजिए, भाभीजी की तबीयत अचानक बिगड़ गई थी।" भाभीजी तेव्हा समोर उभं राहून धिरडी घालत होत्या. त्यांनी उलथनं जरा जोरात आपटलं. टंडनजींनी मग त्यांच्या मेव्हण्यांचं नाव सुचवलं. लखनौत कुठल्याही अडचणीवर कुणाचे तरी मेव्हणे असतातच, फक्त ते नेमके त्याच महिन्यात बदली होऊन गेलेले असतात. मंडळाचे चिटणीस सुबोध आपटे यांनी फोनवरून निराळाच सल्ला दिला. ते बँकेत आहेत आणि प्रत्येक प्रश्न पत्रव्यवहाराने सुटतो, असा त्यांचा विश्वास आहे. "नरेंद्रराव, एक खणखणीत इंग्रजी पत्र लिहा. चार प्रती काढा." कुणाला पाठवायच्या, असं विचारल्यावर ते म्हणाले, "ते मागाहून ठरवू. आधी प्रती काढा."

मी सरळ परिवहन कार्यालयात गेलो. तीन नंबरच्या खिडकीने सात नंबरला पाठवलं, सात नंबरने कागद उलटसुलट करून पुन्हा तीन नंबरला. "लाइसेंस आपका महाराष्ट्र का है, गलती लखनऊ की है," तीन नंबरचे बाबू म्हणाले. या वाक्यात माझ्या आयुष्याचं सार आहे असं मला वाटून गेलं, पण मागे रांग होती. मला नोटीसच मिळाली नाही, असं मी ठणकावून सांगितलं. बाबूंनी शांतपणे पोचपावतीची प्रत काढून पुढे सरकवली. नोटीस रजिस्टर पोस्टाने लायसन्सवरच्या पत्त्यावर, म्हणजे सबनीस वाडी रस्ता, तासगाव, जिल्हा सांगली इथे गेली होती आणि खाली वळणदार अक्षरात सही होती : ध. वि. सबनीस. माझा थोरला भाऊ धनंजय.

"पता क्यों नहीं बदलवाया? उन्नीस साल से तो आप यहाँ हैं।"

लखनौतल्या कुठल्याही मराठी घरात जा, कागदांवर पत्ता गावचाच असतो. आज ना उद्या परतच जायचंय, मग कशाला उगीच बदलायचा? सावनीचा जन्म इथला, तिची शाळा इथली, ती रागावतेसुद्धा हिंदीत, आणि तरी आम्ही अजून निघायच्या तयारीत आहोत. आमचा टीव्हीचा खोकासुद्धा आम्ही टाकलेला नाही, बदलीच्या वेळी लागेल म्हणून. टीव्ही त्यानंतर दोनदा बदलला.

वकील अनुपम रस्तोगी यांना मात्र पोचपावती बघून आनंद झाला. चौकातल्या एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं आणि ते बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवायचे. "सबनीस साहब, बस, काम हो गया! नोटिस मिली भाई को। आपको किसी ने बताया नहीं। जब आदमी को पता ही नहीं कि लाइसेंस सस्पेंड है, तो जुर्म काहे का? भाई साहब से एक हलफ़नामा मँगवा लीजिए कि नोटिस ली थी और आपको बताना रह गया।" नुसतं एक शपथपत्र! माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन सुहासिनीला सांगितलं, तर तिने पडद्यांचा विषय पुन्हा काढला.

मग मी दादाला फोन लावला.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. छत्तीस वर्षं पोस्टात होता, शेवटची अकरा पोस्टमास्तर. त्याच्या हातून एक पत्र कधी पडून राहिलं नाही, हे सगळ्या तासगावला माहीत आहे. एकदा पुरात रस्ता बंद असताना एका मुलीच्या नोकरीचं पत्र त्याने पायी नेऊन दिलं होतं, त्या बातमीचं कात्रण अजून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

"दादा, ऑगस्टमध्ये माझी एक रजिस्टर नोटीस आली होती का रे?"

"आली होती की. तुला सांगितलं ना त्याच रविवारी."

"मला?"

"मग काय शेजाऱ्याला? म्हटलं, तुझ्या लायसन्सचं रजिस्टर आलंय, सरकारी दिसतंय, फोडून वाचू का? तू म्हणालास, नको. म्हटलं, लखनौला पाठवून देऊ का? तू म्हणालास, राहू दे, दिवाळीत येतोच आहे, तेव्हा बघू. म्हणून ठेवलंय. देवाच्या फडताळात आहे."

मला काही म्हणजे काही आठवेना. दादाचा फोन दर रविवारी सकाळी दहाला येतो. तेव्हा मी गाडी धूत असतो. फोन स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवतो. दादा बोअरचं पाणी, द्राक्षांवरची फवारणी, कोण आजारी, कोण गेलं, हे सगळं क्रमाने सांगतो आणि मी चाकं पुसत मधूनमधून "हं" म्हणतो. पंधरा वर्षं हे सुरळीत चाललंय. असं काही बोलणं झालंच नसेल, दादाला वय झाल्यामुळे तसं वाटत असेल, असं मी सुहासिनीला म्हणालो.

"झालंय," ती म्हणाली. "मी कपडे वाळत घालत होते. भाऊजींनी दोनदा विचारलं तुम्हाला."

एवढ्यावर भागलं असतं, पण टंडनजी कुंपणापलीकडून म्हणाले, "हाँ हाँ, हमने भी सुना था। रजिस्टर, लाइसेंस, लखनऊ।" ज्या माणसाला दहा वर्षांत मराठीतला 'नमस्कार' नीट म्हणता आला नाही, त्यालासुद्धा जे कळलं ते मला कळलं नव्हतं. मी चिडून बादली उचलली आणि घरात गेलो.

रस्तोगींना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. "भाई साहब को याद है?"

"सब याद है।"

"तो भूल जाएँ। बुज़ुर्ग हैं, भूलना उनका हक़ है।"

आता हे दादाला सांगायचं कसं? मी आठवडाभर टाळलं. मग एका संध्याकाळी हवापाण्यापासून सुरुवात करून, पुण्याची जागा, दक्षता विभाग, फ्लॅट, सावनीचं पुढचं शिक्षण, असं वळणं वळणं घेत मी शेवटी शपथपत्रावर आलो. वाक्य पूर्ण केलं नाही. लाइन तुटली की काय, असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं.

"ऐकतोय," दादा म्हणाला. "म्हणजे मी रजिस्टर घेतलं आणि द्यायला विसरलो, असं लिहून द्यायचं."

"नुसतं कागदावर, दादा. इथे कोर्टात. तिकडे कुणाला कळणार पण नाही."

"बरं," तो म्हणाला. "पण कागदावर नको. कागद राहतो. मी येऊन तोंडाने सांगतो."

आणि तो खरोखर दोन गाड्या बदलून आला. बरोबर बेदाण्यांची पिशवी आणि तो सीलबंद लिफाफा, मेणकापडात गुंडाळलेला. सुनावणीला तीन दिवस होते. रस्तोगींनी घरी येऊन दादाची तालीम घेतली. पुढचे दोन दिवस सावनीने जेवणाच्या टेबलावर न्यायाधीश होऊन घेतली.

"काका, आपको नोटिस मिली थी?"

"हाँ. मेरे को मिला. मैंने सही किया. बराबर तारीख डालके."

"काका, इतना नहीं बोलना है. फिर आपने क्या किया?"

"मैंने..." दादा पाण्याचा पेला उचलायचा. "मैंने फडताळ में रखा और विसर गया."

"भूल गया, काका."

"भूल गया. लेकिन वैसे मैं भूलता नहीं."

"काका!"

सावनी कपाळावर हात मारायची. रस्तोगींनी बजावून ठेवलं होतं, की पोस्टातल्या नोकरीचा उल्लेखसुद्धा नको. काय करत होता, असं विचारलं तर नुसतं 'रिटायर्ड' म्हणायचं. दादा मान हलवायचा. पण रात्रीच्या जेवणाला त्याने भाकरी एकच घेतली आणि सुहासिनी माझ्याकडे बघत ताटं उचलत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मी उलट चिडू तरी शकलो असतो.

कोर्टाची खोली लहान, पंखे दोन आणि माणसं दीडशे. आमच्या आधी एक हेल्मेट, दोन विनाविमा स्कूटर आणि एका म्हशीचं प्रकरण झालं. म्हैस रस्त्यात होती की रस्ता म्हशीत, यावर दहा मिनिटं गेली. न्यायाधीश तरुण होत्या, सावनीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील. कागदावरून नजर न उचलता त्या भराभर निकाल देत होत्या. इतका वेग आमच्या खात्याला लाभला असता तर सगळ्या देशाचे सिग्नल आतापर्यंत बदलून झाले असते. आमचा पुकारा झाला. रस्तोगींनी गळ्यात मध घोळवून सांगितलं, की हुजूर, मुलजिम शरीफ सरकारी अफसर आहेत, नोटीस गावी वृद्ध भावाच्या हाती पडली, त्यांची स्मरणशक्ती कमजोर आहे, भाऊ स्वतः दीड हजार किलोमीटरवरून हजर आहेत.

मॅडमनी मान वर केली. दादा पुढे गेला. धुतलेला पांढरा सदरा, हात जोडलेले.

"आप ही ने रजिस्ट्री ली थी?"

"जी."

"भाई को नहीं बताया?"

"भूल गया." बरोबर शब्द आला. मागे बसलेल्या सावनीने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"आप करते क्या थे?"

रस्तोगी खाकरले. दादाने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'रिटायर्ड' हा एक शब्द म्हणायचा होता. पण अकरा वर्षं जे सांगताना त्याची मान ताठ व्हायची, तेच त्याच्या तोंडून गेलं. "पोस्टमास्टर."

मॅडम थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोस्टमास्टर होकर रजिस्ट्री देना भूल गए?"

खोलीत हशा पिकला. म्हशीवाला सगळ्यात जोरात हसला. कुणीतरी म्हणालं, तभी तो हमारी चिट्ठी नहीं आती. दादा हात जोडून तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते आणि तो मॅडमच्या टेबलाच्या कडेकडे बघत पुन्हा म्हणाला, "जी मॅडम. भूल गया. गलती हो गया."

मला ते बघवेना. पुणं, फ्लॅट, पडदे, सगळं डोक्यात होतं, नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मी उठून उभा राहिलो होतो. "मैडम, ये कुछ नहीं भूले। इन्होंने उसी हफ़्ते मुझे फ़ोन पर बताया था। दो बार पूछा था। मैंने ही सुना नहीं। मैं गाड़ी धो रहा था।"

रस्तोगींनी माझा हात सोडला. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. "खोटी साक्ष द्यायला लावणं हा वेगळा गुन्हा होतो, ठाऊक आहे ना?" असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी हो म्हटलं. दादाचा जबाब अजून लिहून घेतला नव्हता. तो लिहूच नका, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. मग मला दंड केला आणि वर शिक्षा सुनावली : आज कोर्ट उठेपर्यंत इथेच बसून राहायचं. रकान्यात आता 'होय' लिहायचं, हे नक्की झालं. ते लिहायला पेनसुद्धा लागलं नसतं, माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. साडेअकरा वाजले होते, कोर्ट पाचला उठणार होतं. सावनी ऑफिसला माझी रजा कळवायला आणि आईला फोन करायला बाहेर गेली. दादा येऊन शेजारी टेकला. मला वाटलं, तो आता पाठीवर हात ठेवेल. उलट तो इतका संतापला होता, की त्याने हातातला सीलबंद लिफाफा माझ्या मांडीवर आपटला.

"अक्कल आहे का तुला?" तो दातओठ खात कुजबुजला. "दोन दिवस गाडीत एकच वाक्य घोकत आलो मी. विसर गया, विसर गया. समोरचा प्रवासी विचारायला लागला, काय हरवलं म्हणून. आणि म्हणून दाखवलं की नाही बरोबर? मग तू मधे कशाला तडमडलास?"

"ते हसत होते तुला, दादा."

"हसू देत की! मला कोण ओळखतंय या गावात?"

"मी ओळखतो," मी म्हणालो. आणखी पण काही म्हणायचं होतं, पण मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"पुणं गेलं," दादा म्हणाला.

"गेलं."

"गाढव आहेस."

"चुप रहिए वहाँ!" शिपाई ओरडला. "बात करनी है तो बाहर जाइए।"

मला बाहेर जायची सोय नव्हती, मी शिक्षा भोगत होतो. दादाला मात्र कुणी अडवलं नव्हतं. बाहेर चहा होता, वारा होता, सावनी गाडी घेऊन उभी होती. तो संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तसाच फुरंगटून माझ्या शेजारी बसून राहिला.